दाताचा अपघात आणि दवाखान्यापूर्वीचा वेळ

(कळंब व भोवतालच्या गावांतील शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

मधल्या सुट्टीत दोन मुले धावताना एकमेकांवर आदळतात. एकाच्या ओठातून रक्त वाहू लागते. गुरुजी त्याला नळावर नेतात, चूळ भरावयास लावतात, ओठावर ओले फडके धरतात. रक्त थांबते, रडणे थांबते आणि तास पुन्हा सुरू होतो. पटांगणाच्या मातीत मात्र त्या मुलाचा वरचा पुढचा दात पडून राहिलेला असतो. तो कोणी शोधत नाही. संध्याकाळी घरी आई पदराने त्याचे तोंड पुसते आणि दुसरा दात येईल म्हणून त्याची समजूत घालते. मूल पाच वर्षांचे असेल तर तिचे म्हणणे खरे असते. नऊ वर्षांचे असेल तर दुसरा दात येणार नसतो.

हा प्रसंग काल्पनिक आहे. तथापि तो कोणत्याही शाळेत घडू शकेल, हे कोणताही शिक्षक मान्य करील. त्यात निष्काळजीपणा कोणाचाच नाही. मूल रडत होते तोवर सर्वजण धावपळ करीत होते, रडणे थांबताच धावपळ थांबली, एवढेच. दुखण्याच्या तीव्रतेवरून तातडी ठरविण्याची आपली सवय आहे आणि शरीराच्या बऱ्याच व्याधींत ती उपयोगीही पडते. दाताच्या बाबतीत मात्र ती अनेकदा फसवते. रात्रभर ठणकणारी दाढ सकाळपर्यंत थांबू शकते. फारसा न दुखणारा, मातीत पडलेला दात अर्धा तासही थांबू शकत नाही. आणि ठणका थांबून गालावर आलेली सूज तर कधी कधी जिवावर बेतते.

कळंब हे कर्जत तालुक्यातील, नेरळवरून आत येणाऱ्या रस्त्यावरचे गाव. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथील वैद्यकीय अधिकारी रक्तस्राव थांबवू शकतात, धनुर्वाताची लस देऊ शकतात, जंतुसंसर्गावर औषध सुरू करू शकतात. दातावरील प्रत्यक्ष उपचारासाठी मात्र नेरळ किंवा कर्जत गाठावे लागते. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढील उपचारासाठी जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग असले, तरी कर्जत-खालापूरच्या माणसाला रेल्वेमुळे मुंबईच सोयीची पडते. कर्जत किंवा खोपोलीहून सुटलेली लोकल ज्या शेवटच्या स्थानकात थांबते, तेथून शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. महानगरपालिकेचे नायर दंत रुग्णालय मुंबई सेंट्रलला आहे. पण वाडीवरून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून नेरळपर्यंत आणि नेरळहून पुढे जाण्यास जो वेळ लागतो, त्या वेळात दंतवैद्य उपस्थित नसतो. उपस्थित असतात ते शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, सरपंच किंवा रस्त्यावरचा चहावाला. उखडलेल्या दाताचे पुढे काय होणार, हे बरेचसे याच मंडळींच्या हातांनी ठरते.

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. दात भिंतीत ठोकलेल्या खुंटीप्रमाणे हाडात घट्ट रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती अतिशय बारीक तंतूंचे जिवंत अस्तर असते आणि या तंतूंनी तो हाडाच्या खोबणीत जणू टांगलेला असतो. दात उखडला की हे अस्तर फाटते. त्याचा निम्मा भाग खोबणीत आणि निम्मा मुळावर राहतो. मुळावरच्या पेशी ओल्या आहेत तोवरच जिवंत असतात. डेन्मार्कमधील आन्द्रेआसन आणि ह्योर्टिंग-हान्सेन या दोन दंतवैद्यांनी उखडल्यानंतर पुन्हा बसविलेल्या ११० दातांचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत परत बसविलेल्या दातांपैकी सुमारे नव्वद टक्के दातांची मुळे पुढे शाबूत राहिल्याचे, तर दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी पंचाण्णव टक्के दातांची मुळे झिजत गेल्याचे त्यांना आढळले. त्यानंतर या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला, पण मूळ निष्कर्ष कायम राहिला. दात पंधरा मिनिटांच्या आत जागेवर गेल्यास उत्तम. तासभर कोरडा राहिल्यास मुळावरच्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात.

म्हणून पहिले काम दात शोधण्याचे. मूल शुद्धीवर आहे ना, त्याला उलटी होत नाही ना, डोक्याला मार नाही ना, हे एका शिक्षकाने पाहावे आणि दुसऱ्याने चार मोठ्या मुलांना घेऊन पटांगण शोधावे. डोक्याला मार असेल, मूल गुंगीत असेल किंवा ओकत असेल, तर दाताचा विचार मागे ठेवून प्रथम रुग्णालय गाठावे. दात सापडल्यावर तो हिरडीबाहेर दिसणाऱ्या रुंद भागाला धरून उचलावा. मुळाला बोट लावू नये. माती लागलेली असल्यास दुधाने किंवा सलाईनने हलकेच धुवावी. दोन्ही नसल्यास स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली काही सेकंद धरावा. घासू नये, साबण लावू नये, पुसू नये. आपल्याकडे वस्तू स्वच्छ करणे म्हणजे ती खसखसून घासणे असा समज आहे. येथे तो घातक ठरतो. कारण मुळावर मळासारखे चिकटलेले दिसते, तेच नेमके वाचवावयाचे असते.

यानंतर धीराचे काम येते. कायमचा दात असेल आणि मूल शांत बसत असेल, तर तो दात तेथेच, त्याच क्षणी खोबणीत परत बसवावा. शेजारच्या दाताकडे पाहिले म्हणजे पुढची बाजू कोणती हे कळते. हलक्या दाबाने दात आत सरकतो. मग स्वच्छ रुमालाची घडी दातांमध्ये देऊन मुलाला ती हळुवार चावून धरण्यास सांगावे आणि निघावे. हे काम दंतवैद्याखेरीज इतरांनी करू नये असे पुष्कळांना वाटेल. परंतु दंतआघातावरील आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही जागेवर हजर असलेल्या माणसानेच दात बसवावा, असा सल्ला दिला आहे. दात किंचित वाकडा बसला तरी तो नंतर सरळ करता येतो. वाळलेले मूळ मात्र पुन्हा जिवंत करता येत नाही. मुलाला हृदयाचा गंभीर विकार असेल किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर दात स्वतः न बसवता दुधात घालून सोबत न्यावा.

धीर झाला नाही, किंवा मूल तोंडाला हात लावू देत नसेल, तरीही हेच करावे. दूध साधे, थंड, बिनसाखरेचे असावे. पिशवीचे चालेल, उकळते चालणार नाही. कळंबच्या नाक्यावर काय किंवा आडवाटेच्या टपरीवर काय, दूध मिळत नाही असे सहसा होत नाही. नाहीच मिळाले, तर मुलाने स्वतः वाटीत थुंकलेल्या लाळेत किंवा सलाईनमध्ये दात ठेवावा. साध्या पाण्याने मुळावरील पेशी फुगून फुटतात, म्हणून पाणी हा शेवटचा पर्याय; पण कोरड्या कागदाच्या पुडीपेक्षा तोही बरा. प्रत्यक्षात असे दात बहुधा कागदाच्या पुडीत किंवा रुमालाच्या गाठीत बांधूनच दंतवैद्याकडे येतात.

दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. त्याच्या वर हिरडीत कायमच्या दाताचा कोंब तयार होत असतो, त्याला इजा पोहोचते. दोहोंतील फरक ओळखणे शिक्षकांना अवघड नाही. वरचे मधले दोन कायमचे दात साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यांच्या शेजारचे आठव्या-नवव्या वर्षी. नव्या कायमच्या दाताची कड करवतीसारखी बारीक दातेरी असते, दात रुंद आणि किंचित पिवळसर दिसतो, मूळ लांब असते. दुधाचा दात लहान आणि पांढराशुभ्र असतो. पहिली-दुसरीच्या वर्गात शंका आली, तर दात दुधात घालून दंतवैद्याकडे न्यावा. निर्णय त्याने घ्यावा.

दात सापडलाच नाही, तर तो गिळला गेला असेल, फाटलेल्या ओठात रुतला असेल किंवा क्वचित श्वासनलिकेत गेला असेल. मूल सारखे खोकत असेल किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर क्ष-किरण तपासणीस विलंब करू नये. जखम मातीत झालेली असल्याने धनुर्वाताच्या लसीची चौकशी प्रत्येक वेळी करावी.

दात उखडला नाही, पण तुटला असेल, तर तुकडा जपून न्यावा. तो पुष्कळदा चिकटविता येतो. तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसत असेल, तर दाताच्या आतील मज्जा उघडी पडलेली असते आणि त्याच दिवशी उपचार हवा. दात आत-बाहेर सरकला असल्यासही तसेच.

दाढ काढून आल्यावर रात्री रक्त येऊ लागले, म्हणून घाबरून धावणारे लोक पुष्कळ. थेंबभर रक्त लाळेत मिसळले की वाटीभर दिसते, म्हणून ही भीती. स्वच्छ कापडाची किंवा गॉझची जाड घडी त्या जागेवर ठेवून वीस ते तीस मिनिटे घट्ट चावून धरावी. मध्ये उघडून पाहू नये. पाहण्याचा मोह आवरत नाही आणि येथेच बहुतेकांचे चुकते. वारंवार थुंकणे, खळखळून चुळा भरणे, गरम चहा, विडी, तंबाखू, मशेरी ही त्या दिवशी वर्ज्य. कारण यांनी जमलेली गुठळी निघते. दोनदा असे दाबूनही रक्त थांबले नाही, तर रुग्णालयात जावे. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पण डॉक्टरांना सांगाव्यात. पावसाळ्यात तापाच्या रुग्णाच्या हिरड्यांतून आपोआप रक्त येऊ लागले, तर ते दाताचे दुखणे नव्हे. डेंग्यूसारख्या आजाराची शक्यता धरून आरोग्य केंद्र गाठावे आणि ॲस्पिरिन घेऊ नये.

दाढ ठणकू लागली की घरोघरचे उपाय सुरू होतात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वयानुरूप पॅरासिटामॉल यांनी रात्र निभावून नेता येते. लवंगेच्या तेलाचा किंचित ओला बोळा किडलेल्या खड्ड्यात ठेवल्यास तात्पुरता आराम पडतो. तेल हिरडीवर सांडल्यास मात्र ती पोळते. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी धरून ठेवण्याची रीत आहे, तिनेही हिरडी जळते. रॉकेल, बिबवा, तंबाखूची चिमूट यांविषयी वेगळे सांगावयास नको. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतील ‘किडे’ पाडून दाखविणारेही असतात. दाताला कीड लागणे हा केवळ शब्दप्रयोग आहे. दाढेत अळी राहत नाही. तोंडातील जंतू साखरेपासून जे आम्ल तयार करतात, त्याने दात विरघळतो. असे असले तरी धुरी देणाऱ्यावर लोकांचा विश्वास का बसतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो दारात येतो, दंतवैद्य येत नाही. शिवाय ठणका काही दिवसांत पुष्कळदा आपोआपच थांबतो आणि श्रेय त्याला मिळते.

ठणका आपोआप थांबतो तो दोन प्रकारे. एक, दातातील मज्जा मरते. मेलेली मज्जा दुखत नाही. दुसरे, मुळाशी साठलेला पू हाड पोखरून बाहेरच्या मऊ भागात उतरतो. हाडातील कोंडलेला दाब सुटतो, वेदना ओसरते, आणि दुसऱ्या दिवशी गाल सुजलेला दिसतो. माणूस म्हणतो, सूज आहे पण आता दुखत नाही. वस्तुतः रोग त्याच वेळी हाडाची भिंत ओलांडून मोकळ्या वाटेला लागलेला असतो.

खालच्या दाढांचा पू जबड्याखाली आणि जिभेखाली पसरला, तर गंभीर अवस्था निर्माण होते. व्हिल्हेल्म फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली तिचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात ती त्याच्या नावाने ओळखली जाते. प्रतिजैविके येण्यापूर्वी या विकाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आजही वेळ दवडल्यास तो प्राण घेऊ शकतो; कारण वर उचलली गेलेली जीभ आणि सुजलेला घसा मिळून श्वासाची वाट बंद करतात. त्याची चिन्हे कोणालाही ओळखता येतील. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज येते. तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही. गिळता न आल्याने लाळ बाहेर गळते. आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा जड होतो. ताप असतो आणि आडवे झाल्यास गुदमरते. यांपैकी श्वासाचे किंवा गिळण्याचे लक्षण दिसताच रात्र असो वा पाऊस, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ज्या वाड्यांपर्यंत गाडी येत नाही, तेथून झोळीने रस्त्यापर्यंत आणताना रुग्णास निजवू नये. पुढे झुकवून बसते ठेवावे. वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटू लागली, दृष्टी अंधुक झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तीही तितकीच तातडीची बाब होय. तेथील रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात.

अशा सुजेवर बाहेरून शेक देऊ नये, चोळू नये, सुईने टोचू नये. औषधाच्या दुकानातून चार प्रतिजैविक गोळ्या आणून त्यांवर आठवडा काढणे ही सर्वांत रुळलेली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गोळ्यांनी सूज उतरल्यासारखी वाटते, पण पूचा उगम असलेला दात तसाच राहतो. पू काढून देणे आणि त्या दाताचा निकाल लावणे, मग तो काढून टाकून असो की मुळाचा उपचार करून, याला पर्याय नाही. मधुमेही माणसात हा संसर्ग फार झपाट्याने पसरतो. त्याने सुजलेल्या गालाने दुसरा दिवस उजाडू देऊ नये.

आणखी एका फसवणुकीचा उल्लेख येथे केला पाहिजे. भाताचे भारे वाहताना, चढण चढताना खालचा जबडा दुखू लागतो आणि थांबल्यावर राहतो. सोबत घाम, धाप किंवा छातीत भरल्यासारखे वाटते. हे दुखणे दाढेचे नसून हृदयाचे असू शकते. अशा माणसाला दंतवैद्याकडे न नेता हृदयाचा आलेख काढता येईल अशा रुग्णालयात न्यावे.

मोटारसायकलच्या अपघातात जबडा मोडल्यास वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत. तोंडातील रक्त घशात जाऊ नये म्हणून डोके पुढे झुकवावे. जबडा रुमालाने हलकेच सांभाळावा, तोंड आवळून बांधू नये, कारण उलटी झाल्यास जीव गुदमरेल. जांभई देताना निखळलेला जबडाही घरी ओढून बसवू नये.

आता व्यवस्थेविषयी. उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाचे पद असते. परंतु डॉक्टर कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत भेटतात, याची चौकशी अपघातानंतर करण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीने ती आधीच करावी आणि वेळा, दूरध्वनी क्रमांक व नेरळ-कर्जतमधील दंतवैद्यांची नावे कार्यालयाच्या आणि शाळेच्या फलकावर लिहावी. खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत गॉझ, सलाईनची लहान बाटली, झाकणाची स्वच्छ डबी आणि हातमोजे असावेत. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत मुले रात्रीही राहतात, म्हणून तेथे अधीक्षक आणि स्वयंपाकी यांनाही हे माहीत हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा किडलेल्या दातांच्या मुलांची यादी मागून घ्यावी; पुढच्या वर्षी सुजलेला गाल घेऊन येणारी मुले बहुधा त्याच यादीतील असतात.

बसविलेल्या दाताचे काम एका दिवसात संपत नाही. दंतवैद्य तो शेजारच्या दातांना बारीक तारेने सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतो. मुळाची वाढ पूर्ण झालेली असेल, तर त्याच दोन आठवड्यांत मुळाचा उपचार सुरू करावा लागतो. अन्यथा जपलेला दात आतून झिजून जातो. पुढे एक, तीन आणि सहा महिन्यांनी तपासणी असते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे मुलांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. नेमक्या त्याच काळात अपघात झाला, तर तार तोंडात तशीच राहते. यास्तव शिक्षकांनी तपासणीच्या तारखा एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात, वर ‘उखडलेला दात बसविला आहे’ एवढे नमूद करावे आणि दंतवैद्याचा क्रमांक घालावा. भट्टी भिवंडीकडे असो वा पनवेलकडे, ती चिठ्ठी पाहून तेथील दंतवैद्याला तार काढता येईल.